जुन्या सुधारित मोटारी आणि नव्या मोटारी : शून्य ते शंभरचे बदललेले गणित

स्कोडा कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस ही मोटार भारतीय बाजारात पुन्हा आणली. केवळ १०० मोटारी आयात करण्यात आल्या आणि प्रत्येकीची किंमत पन्नास लाखांच्या घरात होती. याच नावाची मोटार दोन दशकांपूर्वीही भारतात विकली जात होती. ऑक्टाव्हिया मालिका त्या काळी औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जुळवली जात असे. जुन्या आरएसचे इंजिन १५० अश्वशक्तीचे होते, नव्या आरएसचे २६५ अश्वशक्तीचे आहे.

या दोन आकड्यांच्या मध्ये एक तिसरी मोटार उभी आहे. जुनी ऑक्टाव्हिया विकत घेऊन, तिच्या इंजिनात फेरफार करून तिची शक्ती वाढवणारा मोटारप्रेमींचा एक वर्ग देशात आहे. अशी 'सुधारलेली' जुनी मोटार आजच्या नव्या मोटारीपुढे टिकते का, हा या वर्गातील आवडता वाद. वाद रंजक आहेच; पण त्याचे उत्तर रस्त्यावरील सुरक्षिततेशी आणि कायद्याशीही जोडलेले असल्यामुळे त्याकडे केवळ हौसेचा विषय म्हणून पाहता येत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, महाराष्ट्रात नोंदणी झालेली २००५ सालची ऑक्टाव्हिया आरएस आज रायपूर शहरातील गुढियारी भागातल्या एका मराठी कुटुंबाने विकत घेतली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूरशी मराठी माणसांचा संबंध आहे, आणि नागपूर ते रायपूर हा महामार्ग तर जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचाही मार्ग. मोटारीचे इंजिन आधीच्या मालकाने सुधारून घेतले आहे. गुढियारी हा रेल्वे स्थानकाजवळचा, घाऊक बाजाराचा, हातगाड्या आणि मालवाहू टेम्पोंनी गजबजलेला भाग. या मोटारीची तुलना आजच्या नव्या मोटारींशी कशी करायची?

शंभराची किंमत : ५४० किलोज्यूल

मोटारीचे त्वरण सांगण्याची रूढ पद्धत म्हणजे ती थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास किती सेकंद घेते, हे सांगणे. जुनी आरएस मूळ स्थितीत या कामासाठी सुमारे ९ सेकंद घेत असे. २०१७ साली आलेल्या २३० अश्वशक्तीच्या आरएसने ६.८ सेकंद, २०२० च्या २४५ अश्वशक्तीच्या आरएसने ६.६ सेकंद आणि २०२५ च्या आरएसने ६.४ सेकंद लागतात, असे कंपनीने जाहीर केले आहे.

हे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. २०१७ ते २०२५ या काळात शक्ती ३५ अश्वशक्तीने, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी वाढली; वेळ मात्र ०.४ सेकंदानेच, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. उरलेली शक्ती गेली कोठे?

त्यासाठी थोडे शालेय पदार्थविज्ञान आठवावे लागेल. चालकासह १४०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा तिच्यात सुमारे ५४० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा इंजिनाने द्यायची. १५० अश्वशक्ती म्हणजे ११० किलोवॅट. इंजिनाने पहिल्या क्षणापासून आपली सर्व शक्ती चाकांपर्यंत पोहोचवली असती, तर हे काम ५ सेकंदांच्या आत संपले असते. प्रत्यक्षात ९ सेकंद लागले. म्हणजे सरासरीने इंजिनाच्या कमाल शक्तीपैकी ५५ टक्क्यांच्या आसपासच वेग वाढवण्याच्या कामी आली. बाकीची गियर बदलण्यात, चाकांच्या घसरण्यात, हवेच्या आणि यंत्रणेच्या घर्षणात, आणि मुख्य म्हणजे इंजिन कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर नसतानाच्या काळात वाया गेली किंवा उपलब्धच झाली नाही.

हाच हिशेब नव्या आरएससाठी चालकासह दीड टन वजन धरून केला, तर २०१७ च्या मोटारीत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ आणि २०२५ च्या मोटारीत ४६ टक्क्यांच्या जवळ येते. शक्ती वाढत गेली तसा तिचा उपयोग घटत गेला. मोटारीत काही दोष असल्यामुळे असे झालेले नाही. चारही पिढ्यांत इंजिनाची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते, आणि खरी मेख तेथेच आहे.

मोटार वेग घेते तेव्हा तिचा भार मागे झुकतो. दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाला हे शरीरानेच कळते. भार मागे गेला की पुढची चाके हलकी होतात, आणि हलक्या चाकाची रस्त्यावरील पकड कमी असते. ठरावीक मर्यादेनंतर इंजिन कितीही जोर लावो, चाक जागच्या जागी फिरते आणि धूर निघतो. रस्त्यावरच्या नेहमीच्या टायरवर पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीला शंभरासाठी ६ सेकंदांच्या खाली उतरणे यामुळेच फार अवघड जाते.

सुधारणा म्हणजे नेमके काय

जुन्या मोटारीची शक्ती वाढवण्याचे मार्ग तिच्या इंजिनाच्या जातीवर ठरतात. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट पालिओ १.६ ही २००१ साली आलेली मोटार १०० अश्वशक्तीची होती आणि आपल्या काळात चपळ गणली जाई. सचिन तेंडुलकर या मोटारीच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचले होते. तिच्या इंजिनाला टर्बोचार्जर नव्हता. अशा इंजिनात हवा आपल्या आपण, सिलिंडरच्या ओढीने आत येते. तिला अधिक शक्ती हवी असेल, तर हवेचे मार्ग घासून रुंद करणे, झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसवणे, दाबाचे प्रमाण वाढवणे अशी कष्टाची आणि कसबाची कामे करावी लागतात. एवढे करूनही हाती येतात ते बहुधा दहा-पंधरा टक्के, आणि तेही इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर. खालच्या फेऱ्यांवर अशी मोटार पूर्वीपेक्षा सुस्तच वाटते. गर्दीच्या रस्त्यावर तिचा मालक तिला का नावे ठेवतो, याचे कारण हे.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. येथे बाहेर जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक छोटी पंखेवजा यंत्रणा फिरते आणि ताजी हवा दाबाने सिलिंडरमध्ये कोंबते. किती दाब द्यायचा, किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे इंजिनाचा संगणक ठरवतो. कारखाना हे आकडे राखून ठरवतो. हलके पेट्रोल, उन्हाळा, निष्काळजी मालक आणि वॉरंटी यांचा विचार त्यात असतो. हे आकडे बदलणे म्हणजे 'रिमॅप'. एकही नटबोल्ट न हलवता २० ते ३० टक्के शक्ती वाढवता येते, म्हणूनच जुनी ऑक्टाव्हिया आरएस सुधारकांची लाडकी झाली. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे तयार झालेली आणि २०१५ साली बाजारात आलेली अबार्थ पुंटो ही १४५ अश्वशक्तीची टर्बो मोटारही याच कारणाने त्यांच्या हाती गेली. तिचा शून्य ते शंभरचा जाहीर वेळ ८.८ सेकंद होता.

आपल्या उदाहरणातील ऑक्टाव्हिया रिमॅपनंतर १९० अश्वशक्तीची झाली असे मानू. वर सांगितलेल्या हिशेबाने तिला शंभरासाठी ७ ते साडेसात सेकंद लागावेत. दोन सेकंदांच्या आसपास बचत ही लहान गोष्ट नव्हे. पण २०१७ ची आरएस कारखान्यातून निघताना जे करत होती, त्याच्या ती अद्याप मागेच आहे.

आणि ही बचत कागदावरची आहे. वीस वर्षे चाललेल्या इंजिनात सिलिंडरचा दाब घटलेला असतो, रबरी नळ्यांना चिरा गेलेल्या असतात, क्लच घसरू लागलेला असतो. नवी शक्ती आली की जुना क्लच प्रथम शरण जातो. तो बदलला की गियरबॉक्स कुरकुरतो. तो सांभाळला की ब्रेक आणि टायर अपुरे पडतात. हौसेचा खर्च या क्रमाने वाढत जातो. शेवटच्या दोन वस्तूंवर खर्च करण्यापूर्वीच अनेकांचे पैसे संपतात, हीच यातील गंभीर बाब.

घड्याळ कोणाचे?

'माझी गाडी आठ सेकंदांत शंभर गाठते', हे विधान ऐकताना वेळ कशाने मोजला, हे विचारणे अगत्याचे ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोटारीच्या वेगदर्शकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. थोडा अधिक दाखवलेला चालतो. त्यामुळे बहुतेक वेगदर्शक काहीसे पुढेच असतात. काटा १०० वर असताना खरा वेग ९२ असेल, तर मोटारीने प्रत्यक्षात १०० साठी लागणाऱ्या ऊर्जेच्या ८५ टक्केच ऊर्जा मिळवलेली असते. म्हणजे ९ सेकंदांची मोटार काट्याकडे पाहून वेळ नोंदवणाऱ्याला पावणेआठ सेकंदांची भासते. एक पैसाही खर्च न करता झालेली ही 'सुधारणा' पुष्कळ दाव्यांच्या मुळाशी असते.

आता उपग्रहांच्या साहाय्याने वेग मोजणारी छोटी उपकरणे मिळतात आणि ती बरीच अचूक असतात. त्यातही एक मेख आहे. अमेरिकी नियतकालिके ड्रॅग शर्यतीच्या परंपरेनुसार पहिले सुमारे ३० सेंटीमीटर अंतर मोजणीतून वगळतात. तेवढ्यानेच साधारण ०.३ सेकंदाचा फरक पडतो. युरोपातील आणि अमेरिकेतील आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे येथेच फसतात.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. पेट्रोलच्या इंजिनाला प्राणवायू लागतो आणि तापलेली हवा विरळ असते. हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली, की तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. रायपूरचा मे महिना ४५ अंशांची ओळख देणारा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथेही हवा समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा जवळपास तेवढीच विरळ असते. टर्बोचार्जर उंचीचा तोटा बराचसा भरून काढतो, परंतु उष्णतेपुढे तोही हतबल होतो. दाबलेली हवा अधिक तापते, सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊ लागतात आणि इंजिनाचा संगणक ठिणगी लांबवून शक्ती कमी करतो. रिमॅप करताना ही राखीव मर्यादा आधीच वापरली गेलेली असल्यामुळे सुधारलेल्या मोटारीला उन्हाळा अधिक जाणवतो. जानेवारीच्या पहाटे नोंदवलेला वेळ मे महिन्याच्या दुपारी पुन्हा मिळत नाही.

पेट्रोलही बदलले आहे. २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र पोहोचले. इथेनॉलमुळे अवेळी स्फोटाचा धोका कमी होतो, हा लाभ खरा. पण अशा मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी कमी असते. तेवढीच शक्ती हवी असेल तर अधिक इंधन सोडावे लागते. जुन्या मोटारीचे इंधन सोडणारे भाग रिमॅपमुळे आधीच आपल्या क्षमतेच्या काठावर असतील, तर मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते आणि पिस्टनवर ताण येतो. २००५ च्या मोटारीच्या रबरी नळ्या या इंधनासाठी बनवलेल्या नव्हत्या, हे वेगळेच.

चाकणची कौटुंबिक गाडी

आतापर्यंतची तुलना पेट्रोलच्या मोटारींची झाली. खरा बदल विजेवर चालणाऱ्या मोटारींनी घडवला आहे, आणि त्याचे एक केंद्र महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे महिंद्र कंपनी बीई ६ ही मोटार तयार करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या या मोटारीच्या मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीची शक्ती २१० किलोवॅट, म्हणजे सुमारे २८६ अश्वशक्ती आहे, आणि ती ६.७ सेकंदांत शंभराचा वेग गाठते, असे कंपनीने जाहीर केले आहे. ही स्पोर्ट्स कार नव्हे. मागे मुले बसावीत आणि डिकीत प्रवासाच्या बॅगा मावाव्यात, अशी ही गाडी आहे.

तिचे वजन सुमारे २ टन. म्हणजे एका टनामागे १४३ अश्वशक्ती. आपल्या सुधारित ऑक्टाव्हियाचे, चालकाविना १३५० किलो वजन धरल्यास, हेच गुणोत्तर १४१ येते. दोघी जवळपास बरोबरीत! मग सिग्नलवरून सुटताना नवी मोटार पुढे का जाते?

पहिले कारण, तिची मागची चाके ओढतात. वेग घेताना भार मागे झुकतो, तेव्हा पुढच्या चाकांचे जे नुकसान होते तोच मागच्या चाकांचा लाभ ठरतो. दुसरे कारण, विजेच्या मोटारीला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, पहिल्या फेरीपासून मिळतो. टर्बोचार्जरला आधी गरम वायू लागतो, मग पंखा वेग घेतो, मग दाब तयार होतो. तोवर सेकंदाचा मोठा भाग निघून गेलेला असतो. तिसरे कारण, तिला बदलायला गियरच नाहीत. जुन्या ऑक्टाव्हियाच्या चालकाला शंभरापर्यंत पोहोचताना क्लच दाबून गियर बदलावा लागतो आणि प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदापर्यंत शक्ती तुटते. (२०१७ च्या आरएसमध्ये दोन क्लच असलेला स्वयंचलित गियरबॉक्स होता आणि तो हे काम काही शतांश सेकंदांत उरकतो.) शिवाय विद्युत मोटारीतील संगणक चाक घसरू लागताच जोर कमी करतो, आणि हे काम तो मानवी पायापेक्षा कितीतरी लवकर करतो.

मात्र तुलना थांबलेल्या स्थितीतून न करता महामार्गावर ताशी ८० किलोमीटरपासून पुढे केली, तर चित्र पालटते. तेथे पकडीचा प्रश्न उरलेला नसतो, टर्बोचार्जर आधीच फिरत असतो आणि जुनी सुधारित मोटार हलकी असते. शक्ती आणि वजनाचे गुणोत्तर सारखे असल्यामुळे ती नव्या विद्युत मोटारीच्या बरोबरीने धावू शकते. एकाच गियरच्या विद्युत मोटारीचा जोर वरच्या वेगात ओसरू लागतो, तसेच बॅटरी उतरलेली किंवा तापलेली असेल तर तो आणखी घटतो. चाकण येथेच तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या १५० अश्वशक्तीच्या पेट्रोल आवृत्तीला तर आपली सुधारित ऑक्टाव्हिया, ती सुस्थितीत असेल आणि चालक निष्णात असेल तर, मागे टाकू शकेल. जुन्या मोटारींचे चाहते आग्रहाने जे सांगतात, त्यात तथ्य नाही असे मुळीच नाही.

वेगाचा भास हा आणखी एक मुद्दा. माणसाच्या शरीराला त्वरणापेक्षा त्वरणात अचानक होणारा बदल अधिक जाणवतो. टर्बोचार्जर उशिरा जागा होऊन एकदम ढकलतो, तेव्हा पाठ आसनात रुतते आणि मोटार फार वेगवान वाटते. सुरुवातीपासून सलग, गुळगुळीत जोर देणारी मोटार तेवढी थरारक वाटत नाही, पण घड्याळात पुढे असते. सायलेन्सर बदलून आवाज वाढवला की हा भास दुणावतो. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर मांडले आणि त्यांवरून रोडरोलर फिरवला. त्यांतील किती सायलेन्सरांनी वेग खरोखर वाढवला होता, हा प्रश्नच आहे.

फेरारीपेक्षा चपळ, कोणाच्याही हाती

डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकर यांना २००२ साली फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट मिळाली. तिच्या आयात शुल्काचा वाद वृत्तपत्रांतून बराच गाजला होता. ४०० अश्वशक्तीची ती मोटार ४.५ सेकंदांत शंभराचा वेग गाठत असे, आणि तो आकडा त्या वेळी सर्वसामान्य वाचकाला अद्भुत वाटे. २०२४ साली भारतात आलेल्या बीवायडी सील या चार दारांच्या विद्युत मोटारीची सर्वांत शक्तिशाली आवृत्ती ३.८ सेकंदांत तेवढा वेग गाठते, असे कंपनीचे म्हणणे आहे. तिची किंमत ५३ लाख रुपये होती. ही रक्कम थोडी नव्हे. परंतु फेरारीची तर नव्हेच.

फरक केवळ आकड्यांचा नाही. जुन्या मोटारीकडून तिचा उत्तम वेळ काढून घेण्यासाठी कसब लागे. इंजिनाच्या फेऱ्या किती ठेवायच्या, क्लच किती अलगद सोडायचा, चाक घसरत आहे हे कानाने कसे ओळखायचे, हे शिकताना माणसाला मोटारीच्या मर्यादाही कळत. नव्या मोटारीत उजव्या पायाने एक पेडल दाबले की झाले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच सिग्नलवर, कोणालाही.

गुढियारीच्या बाजाराजवळ १०० मीटरचा मोकळा रस्ता मिळाला असे समजा. सरासरी त्वरण धरून हिशेब केला, तर ९ सेकंदांची मूळ ऑक्टाव्हिया त्या १०० मीटरच्या शेवटी ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगात असेल, आणि ६.७ सेकंदांची विद्युत मोटार ताशी १०४ किलोमीटर वेगात. वेगातील फरक १५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. पण नव्या मोटारीचे वजनही अधिक आहे आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तिच्यातील गतिज ऊर्जा जुन्या मोटारीच्या जवळपास दुप्पट भरते. समोर हातगाडी आली, तर ही ऊर्जा ब्रेकना शोषून घ्यावी लागते, अन्यथा समोरच्याला.

पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे टायकन मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण संगणक अभियंते मृत्युमुखी पडले. १७ वर्षांचा मुलगा ती मोटार चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. टायकन ही विजेवर चालणारी मोटार आहे. तिची चपळाई कोण्या गॅरेजमधील फेरफारातून आलेली नव्हती. ती कारखान्यातूनच आली होती.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे ठरतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ अधिक काटेकोर केला. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्याची तरतूद आहे.

येथे एक विसंगती दिसते. साडेसात सेकंदांची सुधारित ऑक्टाव्हिया बेकायदा ठरते आणि चार सेकंदांच्या आतली कारखान्यातील मोटार पूर्णपणे वैध असते. कायदा फेरफार पाहतो, त्वरण पाहत नाही. विसंगती असली तरी तिला आधार आहे. कारखान्यातून येणाऱ्या मोटारीचे ब्रेक, टायर, चौकट आणि धूर यांची तपासणी तिच्या शक्तीच्या हिशेबानेच झालेली असते. पुण्यातील एआरएआय ही संस्था अशा चाचण्या घेणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक. गॅरेजमध्ये वाढवलेल्या ४० अश्वशक्तीला असे कोणतेही प्रमाणपत्र नसते. १५० अश्वशक्तीसाठी बनवलेले ब्रेक १९० अश्वशक्तीच्या मोटारीला थांबवतात तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचे असते. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या फेरफाराचे कारण पुढे केले, तर मालकाला भरपाईस मुकावे लागू शकते.

हौस भागवायची तर जागा कोठे, असा प्रश्न उरतो. लोणावळ्यापासून जवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तेथे जुन्या सुधारित मोटारी आणि नव्या कोऱ्या मोटारी एकाच पट्टीवर, एकाच घड्याळाखाली धावतात, आणि वाद मिटवण्याचा याहून सरळ मार्ग नाही. इंदूरजवळच्या पिथमपूर येथे जून २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेग चाचणी मार्ग सुरू झाला आहे. तो मुख्यतः उत्पादकांच्या कामासाठी आहे. रायपूरच्या दक्षिण-पूर्वेला वसवलेल्या नवा रायपूरचे रुंद, सरळ आणि रात्री ओस पडणारे रस्ते तरुणांना खुणावतात, हे समजण्यासारखे असले तरी ते सार्वजनिक रस्तेच आहेत.

गुढियारीतील आपल्या काल्पनिक मालकापुढे त्याआधी आणखी एक काम आहे. दुसऱ्या राज्यातील वाहन १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असेल, तर नव्या राज्यात त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी महाराष्ट्रातील मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, छत्तीसगडचा कर भरायला हवा आणि मोटार तपासणीसाठी न्यायला हवी. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणीनंतर नूतनीकरण होते. २००५ च्या मोटारीचे हे चक्र २०२० पासूनच सुरू झालेले आहे. तपासणीत चासी आणि इंजिनाचे क्रमांक, दिवे, ब्रेक, टायर, धूर आणि सायलेन्सर पाहिले जातात. इंजिनाच्या संगणकात बदललेले आकडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे अशा तपासणीत बहुधा सायलेन्सर अडकतो आणि रिमॅप निसटतो.